चिंचोक्यांचा की-बोर्ड

कुठल्याही नव्या जागी बसल्या की अक्का आधी दोन्ही हात पुढे ठेवायच्या. ऑफिसचं टेबल असो, हॉटेलातलं बाकडं असो, नाहीतर हळदीकुंकवाला गेलेल्या घरची सतरंजी असो. बोटं वाकवून त्या टायपिंगचा पहिला धडा मारून बघायच्या. डाव्या हाताची चार बोटं, मग उजव्या हाताची चार, पुन्हा डावा हात. दोन-तीनदा झालं की मान तिरकी करून म्हणायच्या, "नोडूण." म्हणजे बघूया. आणि थोड्या वेळानं, यजमानीणबाईंना ऐकू जाणार नाही अशा बेतानं, "हात बसत नाही गं इथं."

तुमच्याही पाहण्यात असं एखादं माणूस असेल, जे खुर्चीत बसतं पण पाठ टेकत नाही. बसमध्ये जागा मिळाली की पलीकडची जागा बरी दिसते, खिडकी मिळाली की ऊन लागतं. अशा माणसांचा आधी राग येतो. मलाही आला होता, आणि चांगला वर्षभर टिकला होता.

धारवाडात सुभाष रोडच्या मागच्या गल्लीत एका शिक्षण संस्थेचं ऑफिस होतं. तिथं मी टायपिस्ट म्हणून लागले, सत्तरच्या दशकाच्या मध्यावर. टायपिस्ट आम्ही तिघी. अक्का सगळ्यांत जुन्या. उंच, काटकुळ्या, पदर कमरेला घट्ट खोचलेला आणि पायांत चपला घालायच्या आधीच चालायला लागलेल्या. सगळं ऑफिस त्यांना अक्काच म्हणायचं, वयानं मोठे असलेले सुपरिंटेंडेंट साहेबसुद्धा.

तिघींना मशीनं होती चार. चौथं जास्तीचं होतं म्हणूनच सगळा घोळ. अक्कांनी त्या चारही मशीनांना नावं ठेवली होती. खिडकीजवळचं जुनं अवजड मशीन म्हणजे म्हैस. तिच्या कळा दाबायला मनगटातून जोर लागायचा. दुसरं शिंगरू, बोट नुसतं टेकलं तरी दोन अक्षरं उमटवून मोकळं. तिसरी मास्तरीण, कारण ओळ संपत आली की तिची घंटा पार रस्त्यापर्यंत ऐकू जायची. चौथी सासू. ती मधेच अडून बसायची आणि का अडली ते सांगायची नाही.

सकाळी अक्का सगळ्यांच्या आधी येऊन मशीन निवडायच्या. आम्हाला वाटायचं, झालं, निवडलं. पण दुपारी जेवणानंतर माझ्या खुर्चीमागं येऊन उभ्या राहायच्या. "ऊठ गं जरा. म्हशीवर आज हात बसत नाही." मी अर्ध्यावर आलेलं पत्र काढायचं, त्यांनी त्यांचं अर्धं पत्र चढवायचं. प्रत्येक मशीनच्या अक्षराचं वळण वेगळं, त्यामुळं पत्राचा वरचा भाग एका वळणाचा आणि खालचा दुसऱ्याच. सुपरिंटेंडेंट साहेब पत्र उजेडाकडं धरून विचारायचे, "एनम्मा, हे लेटर अर्धं तुम्ही लिवलं आणि अर्धं यांनी काय?"

"लेटर एकच आहे की सर," अक्का म्हणायच्या. "वाचायला काय अडतंय?"

घरांचंही तेच. सप्तापुरात एक खोली होती, तिथं म्हणे शेजारचा नळ गळायचा. मग मालमड्डीला गेल्या, तिथं खिडकीसमोर भिंत. मग केलगेरीकडं तळ्याच्या वाटेवर. तिथंही एक सोडून दुसरी, दुसरी सोडून तिसरी. सामान फार नव्हतंच. एक ट्रंक, एक स्टो, पोळपाट-लाटणं आणि एक आरसा. लग्न केलं नव्हतं. "एका घरात तरी बसेन का, ते आधी नोडूण," असं त्याचंही कारण सांगायच्या.

त्यांच्यावरचा माझा राग गेला तो एका सभेत. संस्थेचे कुणी पाहुणे आले होते आणि सुपरिंटेंडेंट साहेब त्यांच्यासमोर कन्नड आणि इंग्रजी मिसळून शिस्तीवर बोलत होते. थांबायचं नाव नाही. मी अक्कांच्या शेजारी बसले होते. त्यांचे हात नेहमीप्रमाणं मांडीवर चुळबुळत होते. सहज नजर गेली आणि माझ्या लक्षात आलं की बोटं नुसती हलत नाहीत. ती लिहिताहेत. आम्ही टायपिस्ट, कुठलं बोट कुठं पडलं की कुठलं अक्षर, ते आम्हाला झोपेतही कळतं. मी अक्षरं जुळवली. अक्कांनी साहेबांकडं अत्यंत आदरानं बघत मांडीवर लिहिलं होतं, 'डॉन्की'.

मला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबून मी बाहेर पळाले. सभा संपल्यावर अक्का आल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "वाचलंस होय?"

"वाचलं की."

"अगं बाई! इतकी वर्षं लिहितेय, आज पहिल्यांदा कुणीतरी वाचलं."

त्या दिवसापासून मी त्यांची झाले. आमचं एक वेगळं पोस्टच सुरू झालं म्हणा ना. टेबलाच्या कडेवर 'टी' लिहिलं की चहाला उठायचं. साहेब फारच जवळ आले की 'स्टॉप'. कधी अख्खं वाक्य असायचं, तिसऱ्या टायपिस्टच्या नव्या साडीबद्दल, ते मी इथं सांगत नाही. त्यांच्या बोटांतून सुटलेलं एक अक्षरही मी कधी चुकवलं नाही. त्याचा मला उगाचच अभिमान होता.

बोटं वाचायची सवय लागली म्हणूनच दुसरीही गोष्ट माझ्या ध्यानात आली. डावी करंगळी मागं राहायची. बाकीची बोटं पडून गेली की ती सावकाश यायची, आणि कधी कधी यायचीच नाही.

मग मी त्यांची पत्रं नीट बघायला लागले. इंग्रजीतला ए डाव्या करंगळीचा. त्यांच्या पत्रांत सगळी अक्षरं ठसठशीत आणि ए मात्र फिकट, जेमतेम दिसेल इतका. कॅपिटल अक्षरांसाठी करंगळीनं एक कळ दाबून धरावी लागते. ती पूर्ण दबली नाही की अक्षर ओळीच्या वर उडी मारतं. अक्कांच्या पत्रांतली कॅपिटल अक्षरं हिवाळ्यात फार उड्या मारायची. साहेब लाल पेन्सिलीनं त्यांना गोल करून पत्र परत पाठवायचे, आणि अक्का रिबिनीला शिव्या द्यायच्या.

एका दुपारी डबा खाताना मी सरळ विचारलं. त्यांनी आधी भाकरीचा तुकडा संपवला. मग डावा हात माझ्यापुढं धरला. करंगळी वरच्या पेराशी वाकडी होती.

अक्कांचं घर हुबळीचं. वडील सांगलीकडून येऊन तिथल्या बाजारात कापडाच्या दुकानात स्थिरावलेले. अक्का टायपिंगच्या क्लासला जायच्या ते घरात कुणाला पसंत नव्हतं. अप्पा म्हणायचे, दुकानदाराच्या पोरीला टाईपरायटर कशाला? एकदा संध्याकाळी दुकान बंद करताना दाराची फळी करंगळीवर पडली. "परीक्षा तोंडावर आली होती गं. बोट दाखवलं असतं तर अप्पा म्हणाले असते, बरं झालं, आता क्लास बंद. म्हणून चिंधी बांधली आणि गप बसले. परीक्षा पास झाले. बोट तेवढं नापास झालं."

"डॉक्टर?"

"तेव्हा दाखवलं नाही, आता दाखवून काय? सकाळी तर ते जागंच होत नाही बघ."

सगळी धडपड कशासाठी चालली होती ते मला तेव्हा कळलं. ही बाई चंचल होतीच, त्यात वाद नाही. पण मशीनांच्या बाबतीत ती चंचलपणानं फिरत नव्हती. त्या करंगळीला झेपेल अशी कळ ती शोधत होती. म्हशीवर करंगळी हरायची. शिंगरावर ए उमटायचा पण बाकीची अक्षरं दुप्पट व्हायची. मास्तरीण उन्हाळ्यात बरी, थंडीत नाही. रोज करंगळीचा अंदाज घ्यायचा आणि रोज नवं मशीन.

आणि भीती होती टपालाच्या टेबलाची. ज्याचं टायपिंग बिघडलं त्याला साहेब टपालाला बसवायचे. तिथं पाकिटं चिकटवायची, तिकिटं लावायची आणि पाच वाजायची वाट बघायची. तेव्हा तिथं बसणारे गृहस्थ एके काळी उत्तम टायपिस्ट होते. त्यांच्याकडं बघून अक्का मान फिरवायच्या. "डिंकात बोटं बुडवून बसायचं? मशीन गेलं की मी गेले बघ," त्या म्हणाल्या, आणि डबा न धुताच उठून येरझाऱ्या घालायला लागल्या.

अशी काही वर्षं त्यांनी रेटली. लाल गोल वाढत गेले.

ऐंशी साल उलटल्यावर काही वर्षांनी संस्थेनं कॉम्प्युटर घेतला. त्याच्यासाठी वेगळी खोली केली, गालिचा घातला, गार हवेचं मशीन बसवलं. आम्ही वर्षानुवर्षं एका पंख्याखाली घामाघूम होत होतो, आणि त्या डब्याला मात्र उकडत होतं. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. नारळ फोडायला हुबळीच्या विद्यानगरातून आलेल्या तरुण इंजिनियरनं आत मनाई केली, म्हणून तो उंबऱ्यावर फुटला. कुंकू मात्र कुणीतरी लावलंच, आणि इंजिनियरनं ते रुमालानं हळूच पुसलं.

आम्ही टायपिस्ट दारातूनच बघत होतो. आमच्यातली तिसरी म्हणाली, "ह्याला आवाजच नाही. अक्षर पडलं का नाही ते कळणार कसं?" मला वाटलं, आता आपली गरज संपली. अक्का आत गेल्या. कुणाला न विचारता बसल्या, हात पुढे ठेवले आणि पहिला धडा मारला.

त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्यांनी करंगळीनं ए दाबला. नुसता टेकवला म्हणा. पडद्यावर ए उमटला, बाकीच्यांइतकाच ठळक. पुन्हा टेकवला. पुन्हा ठळक.

"लोणी आहे गं," त्या माझ्याकडं वळून म्हणाल्या. "लोणी!"

मग त्या उठल्या आणि साहेबांपुढं जाऊन उभ्या राहिल्या. "सर, हे मला पाहिजे."

साहेबांनी चष्मा वर केला. अक्कांची फिकट पत्रं त्यांच्या टेबलावर होतीच. ते म्हणाले, संस्थेच्या सगळ्या शाळांची स्कॉलरशिप परीक्षा झाली आहे, तिचे मार्क यात भरून दाखवा. जमलं तर ही खोली तुमची. नाही जमलं तर टपाल. "पुन्हा मशीन बदलून मागायचं नाही," असंही बजावलं.

"हौद्री," अक्का म्हणाल्या. होय जी. इतक्या लवकर त्या कुठल्याच गोष्टीला होय म्हणाल्या नव्हत्या.

मार्क भरायच्या त्या दिवसांत अक्का खूश होत्या. गारठ्यात शाल पांघरून, अनवाणी, ताठ बसायच्या. बाहेर आल्या की नाक लाल झालेलं असायचं. टेबलाच्या कडेवर माझ्यासाठी लिहायच्या, 'आइस'. मशीन बदलायचा विषयच नाही. मला वाटलं, बसला एकदाचा हात.

मग निकाल छापून आला. साहेब तो लांबच लांब घडीचा कागद दोन्ही हातांवर घेऊन आमच्या खोलीत आले. गणितात शंभरपैकी शंभर मिळवलेल्या मुलीला शून्य होतं. पहिला येणारा मुलगा शेवटून दुसरा. ज्यांना ढ म्हणून सगळी शाळा ओळखते अशी दोन मुलं वर चढून बसली होती. सगळ्यांनी एकमुखानं कॉम्प्युटरला दोष दिला. कुंकू पुसलं त्याचं हे फळ, असं तिसरी म्हणाली.

विद्यानगरचा इंजिनियर आला. त्यानं पडद्यावर मार्क काढले, नाक लावून बघितले आणि विचारलं, "मेडम, हा एक कुठल्या कळीनं मारला?"

अक्कांनी उजव्या हाताची अनामिका वर केली. "एलनं. कशानं मारायचा मग?"

"मेडम, इदु ओंदल्ला." हा एक नव्हे.

आम्ही तिघी हसलो. या पोराला एवढंही माहीत नाही! तुम्ही त्या काळी टायपिंग शिकला असाल तर तुम्हीही हसला असता. आमच्या चारही मशीनांवर दोनपासून पुढचे आकडे होते, एक नव्हताच. एक हवा असला की इंग्रजी छोटा एल मारायचा. दिसायला सारखाच. सगळ्या क्लासांत असंच शिकवायचे, आणि परीक्षेत त्याचे पूर्ण मार्क मिळायचे. आमच्या दृष्टीनं एल म्हणजेच एक होता.

कॉम्प्युटरच्या दृष्टीनं मात्र एल हे अक्षर होतं. अक्षराला मार्क कसे म्हणायचे? शंभराच्या सुरुवातीला एल दिसला की त्यानं शून्य धरलं. एक्क्याण्णवातला नऊ घेतला आणि पुढचा एल टाकून दिला. जिथं जिथं एक होता तिथं तिथं एका पोराचं नुकसान झालं होतं. मी बसले असते तरी हेच झालं असतं, तिसरीनंही हेच केलं असतं. आमचं हसू हळूहळू थांबलं.

"मग याचा एक कुठं आहे?" साहेबांनी विचारलं.

इंजिनियरनं बोट ठेवलं. सगळ्यांत वरच्या रांगेत, डाव्या टोकाला. मी त्या कळीकडं बघितलं आणि मग अक्कांच्या हाताकडं. ती कळ डाव्या करंगळीची होती.

अक्कांनी तिथल्या तिथं करून बघितलं. ए दाबायला करंगळीला हलायचंही नव्हतं, नुसतं टेकायचं होतं. एकासाठी तिला ताणून वर जायचं होतं. ती निघायची, अर्ध्या वाटेत डगमगायची आणि दोनवर पडायची. कधी दोन कळांच्या मधे. साहेबांना करंगळीचं काही माहीत नव्हतं, अक्कांनी कधी सांगितलं नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "सोमवारी निकाल कमिटीपुढं ठेवायचा आहे. शनिवारी सगळे मार्क पुन्हा भरा. नाहीतर दुसरं कोणी भरेल."

इंजिनियर बिचारा मदतीला आला. की-बोर्डच्या उजव्या अंगाला आकड्यांच्या कळांचा एक वेगळा चौकोन होता. खालच्या रांगेत एक, दोन, तीन. त्याच्यावर चार, पाच, सहा. त्याच्यावर सात, आठ, नऊ. "इकडे बघून मारा की मेडम. सोपं आहे."

"बघून?" अक्का ताडकन उठल्या. "मी बघून मारू?"

त्यांचं रागावणंही समजून घेतलं पाहिजे. हुबळीच्या क्लासात त्यांचे मास्तर बोटांवर पंचा पसरायचे. खाली बघायचं नाही आणि बोटांनी घर सोडायचं नाही, हे दोन नियम. घर म्हणजे मधली रांग. बोटं कुठंही गेली तरी लगेच तिथं परत आली पाहिजेत. मी नवी असताना अक्कांनी माझ्या हातांवर स्वतःचा रुमाल टाकून मला हेच शिकवलं होतं. खाली बघून टाईप करणाऱ्यांना त्या टायपिस्ट म्हणतच नसत. "कोंबड्या दाणे टिपतात तसं टिपतात," म्हणायच्या. आणि हा चौकोन तर घरापासून इतका लांब, की सगळा उजवा हातच उचलून न्यावा लागणार.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर केलगेरीला गेले. तळ्याच्या बांधावरून त्या भराभर पुढं चालल्या होत्या आणि मी मागून धावत होते. एकदा म्हणाल्या, राजीनामा देते. दहा पावलांवर म्हणाल्या, करंगळी कापून टाकते. मग म्हणाल्या, अप्पांचं खरं झालं, दुकानातच बसायला पाहिजे होतं. तेव्हा मात्र माझा तोल गेला.

"अक्का, बोटांनी घर सोडायचं नाही, सोडायचं नाही, किती दिवस ऐकू? तुम्ही स्वतः किती घरं सोडलीत? हुबळी सोडली, सप्तापूर सोडलं, मालमड्डी सोडली. केलगेरीत ही कितवी खोली? तुम्ही फिरायचं आणि बोटांनी मात्र एका जागी बसायचं होय?"

त्या थांबल्या. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण त्या हसायला लागल्या. बांधाच्या दगडावर बसून पोट धरून हसल्या. मग तळ्याकडं बघत राहिल्या. उजवा हात शेजारच्या दगडावर होता. थोड्या वेळानं म्हणाल्या, "नोडूण."

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलाच्या कडेवर त्यांची बोटं हलत होती. मी वाचायला गेले आणि मला काही लागेना. फक्त उजवा हात, फक्त मधली तीन बोटं, मधेच अंगठा. अक्षरं जुळतच नव्हती. मी खुणेनं विचारलं, काय?

"तुला नाही यायचं," त्या म्हणाल्या. "आकडे आहेत."

डबा खायच्या वेळेला त्यांनी पिशवीतून पोळपाट काढला. पोळपाटावर नऊ चिंचोके डिंकानं चिकटवलेले होते, तीन रांगांत तीन-तीन, आणि खाली शून्यासाठी एक गजगा. मधल्या पाचावर डिंकाचा थेंब सुकवून टेंगूळ केलं होतं, म्हणजे न बघता बोटाला खूण पटावी. "हे आता दुसरं घर," त्या म्हणाल्या. "चार, पाच, सहा. आणि एक कुणाचा, सांग?" त्यांनी उजव्या हाताचं पहिलं बोट माझ्या नाकापुढं नाचवलं. "ह्याचा! माझं सगळ्यांत दांडगं बोट."

शनिवारपर्यंत त्यांनी चपात्या केल्या नाहीत. पोळपाट रिकामा नव्हता. भाकऱ्या हातावर थापल्या आणि एका हातानं खाता खाता दुसऱ्या हातानं आकडे मारले. खिडकीशी, पायरीवर, बसस्टॉपवर, सगळीकडं मांडीवर पोळपाट. येणारेजाणारे बघायचे. एका म्हातारबुवांनी कन्नडमध्ये विचारलं, हा कुठला खेळ? "फार जुना आहे अज्जा," अक्कांनी सांगितलं.

शनिवारी त्या खोलीत साहेब होते, इंजिनियर होता आणि दारात मी. अक्कांनी बसल्याबरोबर पहिला धडा मारला. मग उजवा हात उचलला, त्या चौकोनावर नेला आणि डाव्या हातानं त्याच्यावर रुमाल पसरला.

"मेडम, बघा की," इंजिनियर काकुळतीला आला.

"सुम्न इर्री." जरा गप बसा, इतकंच त्या म्हणाल्या.

नजर समोर, मान ताठ, रुमालाखाली बोटं. सुरुवातीला हात सावकाश चालला. एकदा चुकला, ते त्यांना बोटालाच कळलं. मागं येऊन त्यांनी तो आकडा सुधारला, पण रुमाल उचलला नाही. मग वेग आला. रुमालाची कडा नुसती उडत होती. मी दाराची चौकट धरून उभी होते. एक आला की कळायचं, कारण पहिलं बोट मागं ओढलं जायचं आणि रुमाल त्या बाजूला खचायचा. प्रत्येक वेळी मी मनातल्या मनात म्हणत होते, एक. एक. आणखी एक.

संध्याकाळी कागद छापून आला. गणितातल्या त्या मुलीला तिचे शंभर परत मिळाले होते. साहेबांनी कागद वरपासून खालपर्यंत बघितला, लाल पेन्सिल खिशातून काढली आणि पुन्हा खिशात ठेवली. "आगली," ते म्हणाले. असू दे. "रूम तुमचीच."

अक्का बाहेर आल्या आणि चपला न घालता तशाच अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. रडत होत्या. मीही रडले. काय करणार?

गोष्ट इथं संपायला हवी होती, पण अक्कांची गोष्ट एका जागी बसते होय? वर्षभर त्या खोलीत बसल्या आणि पुन्हा चुळबुळ सुरू झाली. या की-बोर्डचा शब्दांमधे जागा सोडायचा लांब दांडा खडखडतो. विद्यानगरात इंजिनियरकडं नवीन आला आहे, त्याच्या कळा म्हणे किंचित उतरत्या आहेत. रविवारी बस धरून हुबळीला जायच्या, नवनवे की-बोर्ड हाताखालून घालायच्या आणि त्याला त्यातल्या खोडी काढून द्यायच्या. त्यानं कॉम्प्युटरचा क्लास काढला आणि शिकवायला यांनाच बोलावलं. कायमची नोकरी, गार खोली, सगळं सोडून अक्का निघाल्या.

मी चिडले. "आता कुठं हात बसला होता की अक्का!"

"बसला म्हणूनच गं," त्या म्हणाल्या. "बसला की मुंग्या येतात."

हुबळीत थोडी वर्षं झाली. मग बेळगावला कुणी क्लास काढला, तिथं गेल्या. परत हुबळीला आल्या. मग एक दिवस निरोप आला, पुण्याला चालले आहे, बस धारवाडला थांबते, तोंड दाखव.

मी शेंगाचटणीची बरणी घेऊन स्टँडवर गेले. अक्का खिडकीशी बसल्या होत्या. केस पांढरे झाले होते, पदर तसाच खोचलेला. मांडीवरच्या पिशवीतून पोळपाटाची कड दिसत होती. माझ्या देखतच त्यांनी समोरच्या सीटच्या दांडीवर दोन्ही हात ठेवले आणि पहिला धडा मारला. करंगळी आली नाही. त्यांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

"कसं आहे?" मी खालून विचारलं.

"नोडूण," त्या म्हणाल्या. "तू अजून म्हशीवरच?"

"म्हशीवरच."

त्या काहीतरी बोलल्या, पण ड्रायव्हरनं गाडी चालू केली आणि मला ऐकू आलं नाही. मी हातानं खूण केली, काय? त्यांनी उजवा हात खिडकीच्या गजावर ठेवला आणि माझ्याकडं बघत बोटं हलवली. पहिल्यांदा मला वाटलं अक्षरं आहेत. ती नव्हती. तीन बोटं, अधूनमधून अंगठा. त्यांच्या दुसऱ्या घरातलं काहीतरी होतं ते, आणि मी त्या घरात कधी गेलेच नव्हते. मी नुसती बघत राहिले.

अक्का परत भेटल्या नाहीत. पुण्यात एक-दोन घरं बदलल्याचं कळलं आणि मग त्या गेल्याचं कळलं.

आमच्याकडंही नंतर मशीनं गेली आणि टेबलाटेबलावर कॉम्प्युटर आले. मी तो आकड्यांचा चौकोन शिकले. रुमाल टाकून शिकले. आता मला आकडे वाचता येतात, आणि अजूनही मी स्टँडवरचा तो हात डोळ्यांपुढं आणून बघत असते. पहिलं बोट मागं ओढलं गेलं होतं, एवढं पक्कं आठवतं. म्हणजे सुरुवातीला एक होता. त्याच्या पुढचे आकडे जुळायच्या आत दर वेळी बस वळते.